गळाठ्याचे मास्तर

आमच्या पेठेत बेशुद्ध पडायची फुकट शिकवणी चालायची. थट्टा नाही करत. पावसाळा निम्मा सरला की तालमीच्या माडीवर रोज संध्याकाळी सतरंजी अंथरली जायची आणि पेठेतली धडधाकट, दोन्ही वेळचं मटण पचवणारी पोरं-पोरी ओळीनं पडायला शिकायची. शिकवणारा माणूस पेशानं सरकारी कचेरीतला कारकून. जन्मात कुठल्या शाळेत त्यानं शिकवलं नव्हतं, तरी सगळी पेठ त्याला मास्तर म्हणायची. बारीक अंग, गुडघ्यापर्यंत लोंबणारा सदरा, आणि चालताना मध्येच थांबून आभाळाकडं बघायची सवय. मागनं येणारा सायकलवाला आदळला तरी त्यांना पत्ता नसायचा.

बाहेरच्या माणसाला हे पडण्याचं प्रकरण कळायचं नाही म्हणून आधी सांगून टाकते. गणपतीत आमच्याकडं सजीव देखावे करतात. मांडवात स्टेज बांधायचं, त्यावर थर्माकोलचा डोंगर नाहीतर वाड्याचा पडदा, आणि पुढं गल्लीतलीच पोरं दाढ्या-मिशा चिकटवून उभी. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, ते कर्ण्यातनं वाजतात, स्टेजवरच्यांनी नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. दहा-बारा मिनिटांत खेळ खलास. पडदा, आतलं पब्लिक बाहेर, बाहेरचं आत, की पुन्हा पहिल्यापासून तेच. पन्हाळ्याकडनं, गडहिंग्लजकडनं माणसं टेंपो भरून बघायला येतात. आमच्या मंडळाच्या देखाव्याचे लेखक मास्तर, दिग्दर्शक मास्तर, आणि सगळ्या पात्रांचे आवाजसुद्धा मास्तरांचेच. राजा तेच, राणीही तेच. त्यांची राणी कायम पडसं झाल्यासारखी बोलायची.

तर ह्या देखाव्यात दर वर्षी कुणीतरी बेशुद्ध पडायचंच. विषय कुठला का असेना. दारूबंदीवर देखावा केला, दारुड्याची आई पडली. पाणी वाचवा म्हणून केला, टँकर रिकामा बघून सरपंचीणबाई पडल्या. एका वर्षी प्लॅस्टिकचा विषय होता, त्यात कुणाला पाडावं हे मास्तरांना सुचेना, शेवटी गाय पाडली. गायीच्या पुढच्या पायात एक पोरगा आणि मागच्या पायात एक. मास्तरांनी दोघांना तीन आठवडे शिकवलं, तरी मागचा आधी पडायचा आणि पुढचा दोन पायांवर उभा. पब्लिक शिट्ट्या मारायचं.

पण बेशुद्ध पडणं असं मास्तर म्हणायचेच नाहीत. म्हणू द्यायचेही नाहीत. त्यांचा शब्द होता गळाठणं.

"चक्कर येती उन्हानं," ते बोटं मोडत सांगायचे. "घेरी येती उपाशीपोटी. भोवळ येती उंचावरनं खाली बघितलं की. झीट येती भ्यालं की. ह्या सगळ्या येत्यात आणि जात्यात, पावण्यागत. गळाठा तसा न्हाय. त्यो आतनं सुटतोय."

शब्द त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा. काकी चंदगडच्या. तिकडं पाऊस सुरू झाला की चार महिने थांबायचं नाव घेत नाही, मीठ, पापड, गूळ, काय म्हणून कोरडं राहत नाही. नवी नवरी असताना काकी एकदा फडताळात बघून म्हणाल्या, "गूळ गळाठलाय." मास्तर हातातला चहा ठेवून उठले. ढेप जशीच्या तशी होती, पण कडा मऊ पडलेल्या आणि ताटलीत ओघळ. मग पुढं कधी बोलण्यात आलं की माहेरची म्हातारी गाय गळाठली, अमक्याच्या घरातली माणसं पोरगं गेल्यावर गळाठली. गुळाला, गायीला आणि माणसाला एकच शब्द बघून मास्तर त्या शब्दाच्या प्रेमातच पडले. लग्नात सासऱ्यानं काय दिलं असं कुणी विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "शब्द दिला."

"आणि पितळंची घागर कुणी दिली?" काकी आतनं विचारायच्या.

मी तेव्हा कॉलेजात होते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि माझा स्वभाव आत्ता आहे त्याहून वाईट होता. मास्तरांनी मला चौकात गाठलं. "पडशील का?"

"मी कशाला पडू? मी आजपर्यंत कुणापुढं पडलो न्हाय."

आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतो, पुण्याच्या आत्याला त्याचा फार त्रास होतो. मास्तरांना झाला नाही. ते म्हणाले, "म्हणून तर तू पायजेस. उठसूट पडणाऱ्या पोरी रग्गड हायत. जे पडत न्हाय त्येचं गळाठणं बघण्यासारखं असतंय."

असं कुणी बोललं की माणूस फुगतो. मी गेले. पहिल्याच दिवशी धाडदिशी पडून कोपर सोलून घेतलं. मास्तर कपाळाला हात लावून बसले. "पोतं टाकल्यागत पडलीस की. आधी गुडघं सोड. मग कंबर. मान सगळ्यात शेवटी. आणि घाई करू नको, जमीन काय कुठं पळून चाललीया?"

हे जमिनीचं वाक्य ते दिवसातनं इतक्यांदा म्हणायचे की पेठेत ते सगळ्यालाच लागू झालं. लग्न ठरत नसलेल्या पोराला, उशिरा येणाऱ्या प्लंबरला, सगळ्यांना आम्ही तेच ऐकवायचो. शिवाय त्यांनी एका ताटलीत गुळाची ढेप आणून माडीच्या खिडकीत ठेवली होती. रोज आल्यावर सगळ्यांनी आधी तिच्याकडं गप बसून बघायचं. "बघा, कुठनं सुटाय लागलीया ती." आम्ही बघायचो. चौथ्या दिवशी ढेपेला मुंग्या लागल्या, आणि पुढच्या आठवड्यात गायीच्या मागच्या पायातल्या त्या जुन्या कलाकारानं ती खाऊन टाकली. मास्तरांनी नवी आणली.

त्यांना सगळीकडं तेच दिसायचं. रक्तदान शिबिर असलं की रक्त न देता कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, कोण कसं पडतंय बघत. डॉक्टरांनी दोनदा हाकलून लावलं. एकदा पेठेतल्या एका मयताला गेले होते. गेलेल्या माणसाची मोठी बहीण दारात आली, भावाला बघितलं आणि कोसळली. मास्तर शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघितलासा? कमरंतनं चुकली." शेजारचा माणूस म्हणजे त्या बाईचा नवरा होता. त्यानं तिथल्या तिथं मास्तरांच्या कानफटात हाणली. संध्याकाळी तालमीला मास्तर सुजलेला गाल घेऊन आले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. तितं बोलाय नको हुतं." मग गाल चोळत हळूच म्हणाले, "पर चुकली हुती."

मंडळाचे अध्यक्ष आणि मास्तर यांचं कधी पटलं नाही. अध्यक्षांची खानावळ होती आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत गिऱ्हाईक दिसायचं. एका गणपतीत ते म्हणाले, "मास्तर, 'आणि ती माऊली गळाठली' असं तुमी वरडताय आणि पब्लिक एकमेकांच्या तोंडाकडं बघतंय. काल गडहिंग्लजच्या एका पावण्यानं मला इचारलं, मेली का काय वं ती? बेशुद्ध पडली म्हणा की सरळ. इषय मिटला."

"तुमच्या तांबड्या रश्श्याला आमी लाल पाणी म्हणलं तर चालंल?" मास्तर म्हणाले.

"तसं म्हणत्यात की लोक," मागनं कुणीतरी बोललं.

शेवटी तडजोड अशी झाली की शब्द राहील, पण खेळाआधी माईकवरनं त्याचा अर्थ सांगायचा. हे काम मोबाईलच्या दुकानातल्या पोराकडं आलं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "माता-भगिनींनो, गळाठणे म्हणजे पार गेम वाजणे." मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

मला चौकशीचा किडा होता म्हणून मी आमच्या मराठीच्या बाईंना विचारलं. त्यांनी जाड कोश काढून बघितला. शब्द होता. ढिलं पडणं, अंगातलं बळ जाणं, धीर सुटणं, मूर्च्छा येणं, असे चार-पाच अर्थ होते. मी धावत मास्तरांना सांगायला गेले. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "कोशाचं काय घेऊन बसलीस? घरात पसंत पडाय पायजे."

घरात म्हणजे काकींना. आणि इथंच सगळी गाडी अडली होती. मास्तर रोज घरी जाऊन स्वयंपाकघरात पडून दाखवायचे. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, लाज न बाळगता. गुडघे, कंबर, मान, सगळं रीतसर. काकी भाजी चिरत असायच्या. एकदा त्यांना पिठाचा डबा हवा होता, मास्तर मध्ये आडवे, तर त्या त्यांना ओलांडून गेल्या आणि येताना पुन्हा ओलांडून आल्या.

"आता तरी बरोबर हाय का?" मास्तरांनी खालनंच विचारलं.

"तसं नसतंय."

"मग कसं असतंय?"

"उठा, ताटं घ्या."

त्यापुढं काकी एक अक्षर बोलल्या नाहीत, वर्षानुवर्षं. मास्तरांना दोनदा पहिल्या नंबराची ढाल मिळाली, ती काकींनी फळीवर उभी केली आणि तिच्या आड तेलाची बरणी ठेवली. मास्तरांना ढालीचं काही नव्हतंच. काकींनी एकदा मांडवात यावं, देखावा बघावा आणि "हां, हे बरोबर" एवढं म्हणावं, ह्या एका गोष्टीसाठी तो माणूस वर्षाचे अकरा महिने जगायचा. पेठेत शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. पण गणपती बसले की काकी मांडवाकडं फिरकायच्या नाहीत. आरतीलासुद्धा यायच्या नाहीत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांनी विचारलं तर म्हणायच्या, "कामं पडल्यात."

मी पडले ते वर्ष शेवटचं होतं. मीटिंगमध्ये ठरून गेलं की पुढच्या वर्षापासून देखावा बंद, लायटिंग आणि साउंड आणायचा. पोरांना नाचायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाचायचं होतं. मास्तर भांडतील म्हणून अध्यक्ष बाह्या सावरून बसले होते. मास्तर भांडले नाहीत. सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "बरं. मग घरातनं आणायचं ते ह्याच वर्षी आणाय पायजे."

विषय त्यांनीच निवडला, दरडीचा. डोंगरातलं गाव, पाऊस, दरड कोसळते. दूरच्या गावात त्या गावची एक लेक, सासुरवाशीण, चुलीपुढं भाकरी थापत बसलीय. दीर निरोप घेऊन येतो, "वैनी, तुमची आई गेली." आणि ती गळाठते. ती सासुरवाशीण मी, आणि दीर म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या, दाराच्या चौकटीत मावायचा नाही असा. हे लिहिताना मास्तरांना स्वतःचं काही आठवलं असेल का, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. नव्हतं आठवलं. मी त्यांना ते वाचून दाखवताना बघितलंय, त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

देखावा सुरू झाला. पब्लिक रडत होतं, मी झकास पडत होते, मास्तर रोज रात्री घरी जाऊन विनवण्या करत होते आणि काकी येत नव्हत्या. शेवटी मास्तरांनी मला पाठवलं. "तू जा. माझं ऐकून ऐकून तिचं कान किटल्यात."

काकी उंबऱ्यात गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप न थांबवता म्हणाल्या, "आलीस का वकिली कराय?"

"या की काकी. शेवटचंच हाय."

"माझ्या माहेरचा शब्द तुमी रोज कर्ण्यातनं वरडताय. मला हितं पीठ मळताना बी ऐकू येतंय. आणि काय बघायचं ऱ्हायलंय?"

मी चिडले. म्हटलं, "मास्तर म्हातारं झालं. एकदा बरोबर म्हणाला तर तुमचं काय जातंय? खोटं म्हणा की."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं आता शिव्या खाते. त्या म्हणाल्या, "तू कशी पडतीस, दाखव."

मी दारातच दाखवलं. गुडघे, कंबर, मान. फरशी गार होती. वरनं काकींचा आवाज आला, "गुणाची हाईस. पर तुला न्हाय ठावं, आणि त्यास्नी बी न्हाय." मग पुन्हा सूप हातात घेत, "उद्या दुपारी येतो, जा."

दुपारचा एक खेळ आम्ही गल्लीतल्या बायकांसाठी ठेवायचो, कारण संध्याकाळी त्यांच्या घरी देखावे बघायला आलेले पाहुणे असतात आणि त्यांना चुलीपासनं हलता येत नाही. दुसऱ्या दिवशी काकी छत्री घेऊन आल्या आणि पुढच्या खुर्चीवर बसल्या. मास्तर कोपऱ्यात टेप आणि माईकच्या बटणांपाशी उभे होते. मी त्यांना साखरपुड्याच्या पोरासारखं घामाघूम झालेलं पहिल्यांदाच बघितलं. मीही देवाला हात जोडले, आणि मी काही देवभोळी नाही.

खेळ झाला. मास्तरांचा पडशातला आवाज म्हणाला, "आणि ती लेक जागच्या जागी गळाठली." मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पडले. बायका डोळे पुसायला लागल्या, टाळ्या झाल्या. मास्तरांनी काकींकडं बघितलं.

काकी म्हणाल्या, "न्हाय."

 काकी उठल्या, चपला काढून स्टेजवर चढल्या. "ऊठ बाळ," मला म्हणाल्या, आणि माझ्या जागी त्या थर्माकोलच्या चुलीपुढं बसल्या. आत लाल बल्ब पेटलेला होता.

"टेप लावू का?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या हातात माईक होता.

"नगं. तुमचा आवाज नगं." मग पुतण्याकडं वळून, "हां, सांग निरोप."

पुतण्या एवढा थोरला गडी, त्याला तोंड उघडवेना. ओठ हलवायची सवय, स्वतःच्या आवाजात कधी बोललाच नव्हता. कसंबसं म्हणाला, "वैनी, तुमची आई गेली."

काकी रिकाम्या परातीत भाकरी थापत होत्या. निरोप ऐकला आणि त्या थापतच राहिल्या. फक्त आधी हाताचा परातीला लागून आवाज येत होता, तो येईनासा झाला. हात चालू होते आणि त्यांत काही नव्हतं. त्यांनी मान वर करून पुतण्याला विचारलं, "जेवून जाणार न्हवं?" मग उठल्या. भांड्यावरचं झाकण काढलं, आत बघितलं, परत ठेवलं. पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा झाकण हातात घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. कुठं ठेवायचं ते विसरल्यासारख्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी त्यांच्यापासनं दोन हातांवर होते आणि मला वाटलं, हिला नुसतं बोट लावलं तरी ही सगळी खाली सांडेल.

मग काकींनी झाकण ठेवलं आणि पदर खोचला. "हे गळाठणं," त्या म्हणाल्या. "पडाय मागं कोणतरी धरणारं लागतंय. नसलं की माणूस उभ्यानंच गळाठतंय."

बायकांतली एक हुंदका देऊन रडली, बाकीच्या खाली बघायला लागल्या. मास्तर बटणांपाशी थिजून उभे.  मग म्हणाले, "कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आल्ता." आम्हाला काही कळेना. ते कुणाला सांगतायत तेही कळेना. "मीच घेतल्ता फोन. गणपती बसायला दोन दिस हुतं. घरी आलो आणि सांगितलं, तुझी आई गेली म्हणून. पाऊस लई हुता. यष्टी बंद हुती. म्हणलं, इसर्जन झालं की जाऊ."



"आणि जेवाय बसलो," मास्तर म्हणाले. "तालमीला उशीर झाल्ता. तू वाढत हुतीस. मी जेवून गेलो."

हातातला माईक चालू आहे, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. हे सगळं कर्ण्यातनं बाहेर चाललं होतं. चौकात रिक्षावाले थांबले, खानावळीतली माणसं हात न धुता दारात आली. अध्यक्षांनी पुढं होऊन माईक काढून घ्यायला हात केला आणि तसाच खाली सोडला.

"त्या दिवशी तू जेवलीतीस का?" मास्तरांनी विचारलं.

"त्ये त्या दिवशी इचारायचं हुतं," काकी म्हणाल्या.

तेही पेठेनं ऐकलं. काकी स्टेजवरनं उतरल्या, चपला घातल्या आणि घराकडं चालू लागल्या. मास्तरांनी माईक माझ्या हातात दिला आणि त्यांच्यामागनं निघाले. अध्यक्ष ओरडले, "मास्तर, सातचा खेळ हाय, पब्लिक येणार." मास्तरांनी मागं न बघता हात हलवला. गणपतीत देखावा टाकून मास्तर घरी गेले, असं पेठेनं कधी बघितलं नव्हतं.

सातच्या खेळाला मला पडता येईना. टेप म्हणाली गळाठली, आणि मी परातीपुढं उभी राहिले, हात लोंबकळत. पब्लिकला वाटलं पोरगी विसरली. मागनं कुणीतरी ओरडलं, "पड की गं." पुढच्या रांगेत मात्र एक बाई होती, नाकात चमकी, मांडीवर पोर, ती माझ्याकडं एकटक बघत होती आणि तिनं पोराला घट्ट धरलं. अध्यक्षांनी पडद्यामागं मला यथेच्छ शिव्या दिल्या, मीही दोन दिल्या. आमचा त्या वर्षी नंबर आला नाही. मला त्याचं अजून काडीचं दुःख नाही.

सकाळी मी काकींची छत्री परत द्यायला गेले. खुर्चीपाशी राहिली होती. दार उघडंच होतं. काकी भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या, पाय लांब करून, हातात काहीही काम नाही. मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. गॅसपुढं मास्तर, पिठानं कोपरापर्यंत माखलेले, भाकरी थापत होते. परातीत जे काही होतं त्याला भाकरी म्हणणं जिवावर येत होतं. एक बाजू जाड, एक बाजू फाटलेली.

"यष्टीची चौकशी करून आलो," मास्तर मला म्हणाले. "चंदगडची गाडी उद्या सकाळी हाय. जाऊन येतो."

"तितं आता कोण ऱ्हायलंय?" काकी म्हणाल्या. "घराच्या भिंती बी पडल्या असतील."

"असू दे. बघून येऊ."

त्यांनी ती भाकरी उचलून तव्यावर टाकली. निम्मी तव्यावर पडली आणि निम्मी बाहेर लोंबायला लागली. काकींनी बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. हसत हसत भिंतीला धरून उठल्या, म्हणाल्या, "व्हा बाजूला. हे बघून मी खरंच पडीन आता."

मास्तर झटक्यात सरकले. बाजूला नाही, काकींच्या मागं. पिठाचे दोन्ही हात पुढं करून उभे राहिले. "पड," ते म्हणाले. "पडायचं असलं तर पड तू. मी हाय मागं."

काकी पाठमोऱ्याच होत्या. हसणं थांबलं होतं. 

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "आता गुडघं वाकत न्हाईत."

मास्तर हलले नाहीत. तसेच हात पुढं धरून उभे राहिले आणि तव्यावरची भाकरी जळून गेली.